खांबातली खिडकी

अन्याय झाला तो दिगंबर पेंटरवर. यंदाच्या हनुमान जयंतीला, सकाळी पावणेअकरा वाजता, आपल्या गावच्या मारुतीच्या नव्या सभामंडपात, माईक चालू असताना, सगळ्या गावादेखत. वेळ पक्की सांगते, कारण मी मंडपातल्या घड्याळाखालीच उभी होते. राग आला की मी घड्याळ बघते. धरण्यांवर बसून बसून लागलेली सवय आहे. आणि आता येत्या शनिवारी त्याच मंडपात बैठक आहे. दिगंबर पेंटरनं रंगवलेल्या सहा खांबांवर टाइल्स चढवून टाकायच्या, असा ठराव तिथं येणार आहे.

मामा, एवढ्या चार ओळी झाल्या आणि तुमचा आवाज आलाच. "झालं हिचं सुरू. ए पांप्लेट, आधी पाणी पी, मग गाव पेटव."

पाणी पिऊन आले. आता ऐका.

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. मामीनं ओसरीवर तुमचा रंग कालवायचा पाट पुन्हा आडवा मांडला, जणू तुम्ही आत हात धुवायला गेला आहात. मी तिला विचारलं, "मामी, मामांवर लिहू का? छापून वाटू का?" तिनं पदरानं पाटावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "लिही. पण वरडू नको त्यात. त्यांना मोठ्यानं बोललेलं सोसत नव्हतं."

तर यावेळी विचारून लिहिते आहे. मागच्या वेळी विचारलं नव्हतं. तिथपर्यंत येईनच, पण मला जरा हळूहळू येऊ द्या.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते, तुम्हाला तर माहीतच आहे. दिगंबर पेंटर म्हणजे तुम्हीच, माझ्या आईच्या माहेरचे, म्हणून मामा. कळमनुरीपासून वारंगा फाट्यापर्यंतच्या ढाब्यांवर, टायरच्या दुकानांवर, खतं-बियाण्यांच्या दुकानांवर एके काळी जी हातानं काढलेली अक्षरं होती, त्यातली बरीच तुमची. मग फ्लेक्स आला आणि बघता बघता तुमचा ब्रश रिकामा झाला. दुसरा कुणी असता तर दारूच्या नाहीतर नशिबाच्या नावानं बसून राहिला असता. तुम्ही पन्नाशी उलटल्यावर नांदेडला गेलात, एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली पोरासारखे बसलात, आणि साध्या अ‍ॅक्रिलिक रंगातून संगमरवर काढायला शिकून आलात.

मी तुमच्या दारी पहिल्यांदा आले ती कापडी बॅनर घेऊन. वारंगा फाट्यावर गाडी बदलायला उतरणाऱ्या बायकांसाठी मुतारी पाहिजे, एवढीच मागणी होती. फ्लेक्सवाला म्हणाला होता, "ताई, शब्द बदला, असं बरं न्हाई दिसत." तुम्ही बॅनर अंगणात पसरलं आणि विचारलंत, "मुतारीच पाहिजे ना?"

"व्हय."

"मग मुतारीच लिहू. 'मु' मोठा काढू, ट्रकमधून दिसंल."

दिसला. फाट्यावरचा एकही ड्रायव्हर तो शब्द वाचल्याशिवाय पुढं गेला नसेल. सदा पत्रकं वाटत फिरणारी म्हणून त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी पांप्लेट झाले. माझं खरं नाव तुम्ही पुन्हा घेतलं असेल तर मला आठवत नाही.

बॅनर वाळत होतं. अंगणात भिंतीला टेकवलेली एक फळी होती, पांढरी, आत राखाडी ढग आणि ढगांमधून वाट काढत गेलेली एक बारीक नस. मी सहज हात ठेवला आणि दचकले. डोळे सांगत होते दगड, हात सांगत होता लाकूड. तो क्षण मला अजून स्वप्नासारखा आठवतो, कारण त्यात दोन्ही खरं होतं. पण माझं तोंड नेहमीसारखं आधी उघडलं.

"फसवता लोकांना."

"बोहल्यावरची पोरगी पावडर लावती. तिलाबी म्हणशील का?"

"म्हणंन."

"म्हणूनच तुझं लगीन जमंना."

तुम्ही एवढे हसलात की हातातला रंगाचा डबा हलला. हे आपलं भांडण. पुढची चार वर्षं चाललं. तुमच्या ओसरीवर, देवळाच्या पायरीवर, हिंगोलीच्या गाडीत. तुम्ही म्हणायचात, देखणं काढणं म्हणजे खोटं बोलणं न्हाई. मी म्हणायचे, जे नाही ते आहे असं दाखवणं म्हणजे खोटंच. कुणीच हरलं नाही. आता एकच जण उरलंय, त्याला काय जिंकणं म्हणायचं?

मारुतीचं जुनं पत्र्याचं देऊळ उतरवलं आणि नवा सभामंडप उभा राहिला. सहा खांब, गोल, सिमेंटचे, राखाडी. समितीच्या अध्यक्षांना संगमरवर हवा होता. तो काही जमला नाही, म्हणून तुम्हाला बोलावणं आलं. रंगाचे डबे अध्यक्षांनी स्वतः आपल्या गाडीतून आणून मंडपात ठेवले. वाचणाऱ्यांनी ही ओळ लक्षात ठेवावी. पुढे लागणार आहे.

संक्रांत झाली आणि तुम्ही कामाला लागलात. माझी गाडी देवळासमोरूनच सुटते. मी मुद्दाम तासभर आधी येऊन पायरीवर बसायचे. हा रंग फार घाईचा, ऊन वर आलं की ब्रशवरच वाळतो, म्हणून तुम्ही उजाडायच्या आत यायचात. पूर्वेच्या बाजूला ओली पोती लटकवायचात, हातात पाण्याची फवाऱ्याची बाटली. मंडपात ओल्या तागाचा वास, वर पारव्यांची घुरघुर. मी अजून अर्धी झोपेत असायचे. त्या अर्धझोपेत मी जे पाहिलं ते मला जागेपणी कुणाला नीट सांगता आलेलं नाही, तरी सांगून बघते.

पुट्टी घासून घासून तुम्ही खांब असा केला होता की त्यावर हात फिरवला तर हात घसरायचा. त्यावर पांढऱ्याचे दोन हात. मग खरी गंमत. राखाडी रंगात निम्म्याहून जास्त पाणी, ओला स्पंज, आणि तुम्ही खांबावर नुसतं थोपटत जायचात, लेकराला झोपवल्यासारखं. ठिपके उमटायचे. ते ओले असतानाच रुंद मऊ ब्रश त्यांच्यावरून इतका हलका फिरवायचात की ब्रश टेकला की नाही कळायचं नाही. आणि ठिपक्यांच्या कडा विरघळायच्या. खांबाच्या आत कुठेतरी धुकं भरायला लागायचं. हिवाळ्यात ईसापूर धरणाच्या पाण्यावर सकाळी जसं उभं असतं, तसं. मी बसल्या जागी त्यात शिरायचे. सिमेंटच्या खांबाला आत असते का काही? पण मला दिसायचं, खोल, हातभर आत, आणखी आत.

मग नस. ती तुम्ही पिसानं काढायचात. पीस दोन बोटांत सैल धरायचं, ओढायचं नाही, त्याला वळू द्यायचं, मध्येच बोटात फिरवायचं, मध्येच उचलायचं. एक नस दुसरीला भेटली पाहिजे, पण फुलीसारखी कापून जायला नको. आणि काढून झाल्यावर, बघणाऱ्याचा जीव तिच्यात अडकला की, तुम्ही पाण्यासारखा पातळ पांढरा घेऊन ती नस बुडवून टाकायचात.

"अरे! चांगली आली होती की मामा!"

"हाय की. आत गेली. वर काढलेली नस भिंतीवरच्या रेघेवानी दिसती. आधी काढायची, बुडवायची, मंग तिच्यावरून दुसरी काढायची. दगडाला वय असतंय बाई."

पहिल्या आठवड्यात पिसावरून मंडपात केवढा गोंधळ! पुजारी महाराज काकडा आटोपून बाहेर आले आणि तुमच्या हातात बघून तिथंच थांबले.

"दिगंबरा, हे पीस कशाचं हाय?"

"कोंबडीचं, महाराज."

"मारुतीच्या म्होरं? कोंबडीचं?"

"कोंबडी कुठं आणली? पीसच आणलंय."

"उद्या म्हणशील, रस्सा न्हाई आणला, वासच आणलाय!"

गोमूत्र शिंपडलं गेलं. दोन दिवस काम बंद. तिसऱ्या दिवशी महाराजांनी देवघरातलं स्वतःचं मोरपीस आणून दिलं आणि तुम्ही त्यांचा मान ठेवून ते रंगात बुडवलंत. त्याचा जो काही झाडू झाला, तो बघून महाराजच तोंड फिरवून हसले. तेवढ्यात वरच्या कंगोऱ्यावरून पारव्याचं एक पीस गिरक्या घेत खाली आलं. अगदी सावकाश. आपण तिघंही मान वर करून बघत राहिलो. तुम्ही ते हवेतच झेललंत.

"हे तर देवाच्याच घरचं हाय. ह्याला चालंल?"

महाराजांनी वर पारव्याकडे पाहिलं. "ह्याला न्हाई कसं म्हणू. ते माझ्या आधीपासून हितं राहून राहिलं."

सहाही खांब त्याच एका पिसानं झाले.

आणि खिडकी. तिसरा खांब पूर्ण झाला तेव्हा मला ती दिसली. खांबाच्या मागच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर वर, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. ना पुट्टी, ना पांढरा. नुसतं राखाडी सिमेंट.

"मामा, हितं राहिलं तुमचं."

"राहिलं न्हाई. ठेवलंय. खिडकी हाय ती. परत्येक खांबाला एक."

"कशाची खिडकी?"

"ज्याला आतलं बघायचं त्यानं बघावं. उस्तादाची रीत हाय. त्याच्या हाताखालचा माणूस खिडकी ठेवल्याबिगर काम सोडत न्हाई." मग तुम्ही माझा हात धरून खांबावर ठेवलात. ऊन वर आलं होतं. "आन् खिडकी नसंल दिसत तर हात लावावा. दगड भर उन्हात थंडगार लागतो. माझा खांब कोमट लागतो. आता सांग पांप्लेट, मी कुणाला फसवून राहिलो?"

मी म्हटलं, "गाडी आली." गाडी आली नव्हती.

हनुमान जयंतीला तुम्ही मामीनं कडक इस्त्री केलेला फिका निळा शर्ट घालून आला होतात. तिसऱ्या खांबापाशी उभे होतात, हात मागे बांधून, कारण नखांतला राखाडी रंग निघाला नव्हता. शहरातून आलेले प्रमुख पाहुणे मंडपात शिरले आणि थांबले. मान वर करून, खांबावरून नजर हळूहळू खाली आणत म्हणाले, "वा! हा कुठला संगमरवर?"

सगळा गाव अध्यक्षांकडे बघायला लागला. अध्यक्षांनी तुमच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ तुमच्या नावासाठी उघडले होते, हे मी शपथेवर सांगेन. आणि मग त्यांनी माईक हातात घेतला. "राजस्थानातून खास मागवला, साहेब."

टाळ्या पडल्या. पावणेअकरा.

पुढचं सगळं त्या एका वाक्यामागून फरफटत आलं. सत्कार सुरू झाले. गवंड्याचा झाला, वायरमनचा झाला, मांडववाल्याचा झाला, आचाऱ्याला चुलीपुढून हात पुसत यावं लागलं. प्रत्येकाला टोपी, उपरणं, नारळ. तुम्हाला बोलावलं नाही. कसं बोलावणार? एकदा खांब राजस्थानचे झाले की पेंटरनं काय रंगवलं म्हणून सांगायचं?

पंगतीत मी तुमच्यासमोर बसून फणफणत होते. "गप कसे बसले तुमी? उठून सांगायचं!"

"अगं, पावण्याला दगड वाटला! यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोण देतं?" तुम्ही हसत होतात, वाढप्याला आणखी भात घालायला सांगत होतात. पत्रावळीवरची बुंदी मात्र तुम्ही शेवटपर्यंत हातानं एका बाजूला सारत राहिलात.

मी बुंदी बघितली. हसणं बघितलं नाही. की उलटं झालं? मला तुमचं पटलं नाही एवढं खरं, आणि तिसऱ्या दिवशी माझं पत्रक गावात होतं. मथळा असा: मारुतीचे खांब खोटे! खाली खिडकीचा फोटो, बाण दाखवून. अध्यक्ष गावाशी खोटं बोलले, हे दुसऱ्या परिच्छेदात. आणि हे अप्रतिम काम ज्यांचं आहे त्या दिगंबर पेंटर यांचा जाहीर सत्कार झालाच पाहिजे, हे चौथ्या परिच्छेदात.

चौथा परिच्छेद कुणी वाचत नाही. पत्रकं लिहिण्यात जिची उमर चालली, तिला हे ठाऊक असायला नको? गावानं मथळा वाचला. खांब खोटे. मग खोटे म्हणजे किती खोटे, हे बघायला लोक आले. किल्ल्या घेऊन आले, नाणी घेऊन आले, एकजण तर खिळा घेऊन आला. संक्रांतीपासून हनुमान जयंतीपर्यंत तुम्ही भरलेलं धुकं लोकांनी दोन दिवसांत खरवडलं. अध्यक्ष सांगत फिरले, "पेंटरनं समितीला अंधारात ठेवलं." तेच अध्यक्ष, ज्यांच्या गाडीतून डबे आले होते! मग त्यांच्या माणसांनी सहाही खिडक्या पांढऱ्या सिमेंटनं बुजवल्या. आणि पारावरची रिकामी मंडळी तुम्हाला जाता-येता हाका मारायला लागली, "काय दिगूशेठ, आमच्या गोठ्याला ताजमहाल काढता का?"

अध्यक्षांनी तुमचं नाव गिळलं, हे मी पुन्हा छापते. पण खांबांवर किल्ल्या माझ्या मथळ्यानं चालवल्या, हेही छापते. म्हणून यावेळी तुमचं नाव पहिल्या ओळीत घातलं आहे, मामा. सगळ्यात आधी.

मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही अंगणात ब्रश धूत होतात. मी उभ्या उभ्याच सुरू झाले. समिती, अध्यक्ष, पुरावे. "मी तुमच्यासाठीच लिहिलं, मामा."

तुम्ही ब्रश झटकला. त्याचे केस बोटांनी नीट एका रेषेत आणले. मग म्हणालात, "मला इचारलं होतंस का?"

मोठ्यानं नाही. नेहमीच्याच आवाजात. मी दाराशी पोचले तेव्हा मागून आणखी एक वाक्य आलं, "अक्षरं मात्र बरी छापलीस." त्यात टोमणा होता की माया, हे मी उन्हाळाभर आणि पावसाळाभर उलटंपालटं करून बघितलं. अजून कळलेलं नाही.

त्यानंतर तुम्ही दिसलात ते पोळ्याच्या दिवशी. शेजाऱ्याच्या बैलांची शिंगं तुम्ही रंगवली होती, आणि डाव्या बैलाच्या शिंगावर, मला लांबूनही कळलं, एक बारीकशी नस होती. संगमरवरी शिंगाचा बैल! गल्लीत धूळ उठली होती, संध्याकाळचं तिरपं ऊन त्या धुळीत अडकून बसलं होतं, घुंगरांचा आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं. धुळीच्या पलीकडून तुम्ही हात वर केलात. मीही केला. मध्ये चार पावलांची गल्ली. बैल जाऊ देत, मग जाते, असं मी मनात म्हटलं. बैल गेले. मला कुणाचा तरी फोन आला.

आठच दिवसांनी सकाळी, चहाची बशी हातात असताना, तुम्ही गेलात. मी हिंगोलीला धरण्यावर होते. दुसऱ्यांच्या हक्कासाठी.

चुकले, मामा. हे दोन शब्द गल्ली ओलांडून सांगायचे होते. आता सगळ्या गावाच्या हातात देते आहे.

तुमच्या मागे मामीनं कपाट उघडून दाखवलं. तो फिका निळा शर्ट इस्त्रीच्या घडीत ठेवलेला होता. "त्या दिवसापासून अंगाला लावला न्हाई," ती म्हणाली. "म्हणायचे, राहू दे, कधी बोलावलं त्यांनी तर घालीन."

म्हणजे सर्टिफिकेटावर भागलं नव्हतं ना मामा? मग मला का नाही सांगितलंत? भांडायची ही वेळ नाही, पण भांडते. तुमचं गप्प बसणं मला आजही पटत नाही. खिडकी मागच्या अंगाला, वीतभर उंचीवर, का म्हणून? पुढून ठेवायची होती. माणसाच्या डोळ्यासमोर. आणि खिडकीशेजारी नाव. तुम्ही आत्ता म्हणत असाल, "आन् मंग तो संगमरवर कुठं राहिला?" बरोबर आहे. तेही बरोबर आहे. आपलं भांडण असंच अर्ध्यावर असू दे.

मामीनं मला पारव्याचं ते पीस दिलं. टोकाला अजून राखाडी रंग होता. दहाव्यानंतरच्या पहाटे महाराजांना विचारून मी मंडपात गेले. ओली पोती लटकवली. तिसऱ्या खांबावरचे ओरखडे भरायचे होते, आणि मला काहीही येत नव्हतं, फक्त बघितलेलं आठवत होतं. रंगात निम्म्याहून जास्त पाणी घातलं. स्पंजनं थोपटलं. पीस सैल धरायचं होतं आणि मी ते पेनासारखं आवळून धरलं होतं, तेव्हा तुमचा आवाज कानाशी आला, "मनगट झोपू दे." मनगट झोपलं. पीस आपसूक वळलं. किल्लीचा एक लांब ओरखडा माझ्या डोळ्यांसमोर नस झाला, आणि मी पातळ पांढऱ्यानं तो बुडवला. वाईट झालंय, जवळून बघणाऱ्याला कळेल. पण तेवढ्या जागेत पुन्हा थोडं धुकं भरलं.

तेव्हा मला ती दिसली. खांबाच्या माथ्यापासून निघालेली तुमची एक नस, दोन वळणं घेऊन, मध्ये दुभंगून, पुन्हा एक होऊन खाली आलेली. मागच्या वर्षी उन्हाळ्यात हिंगोलीला जाताना पुलावर गाडी थांबली होती, खाली कयाधूची वाळू आणि वाळूत चुकत माकत चाललेला पाण्याचा एक दोरा. तुम्ही मला कोपर मारून म्हणाला होतात, "बघ, नस." तीच वळणं. तेच दुभंगणं. भास असेल. लिहून ठेवते की भास असेल. पण मी बोट ठेवून तिच्यामागे खाली खाली गेले, गुडघ्यावर बसले, खांबाच्या मागे वळले, आणि ती नस बुजवलेल्या खिडकीपाशी येऊन थांबली होती. महाराज मागे उभे होते. मी केसातली पिन काढली आणि पांढरं सिमेंट टोकरत राहिले, पारवे घुमत राहिले, आणि बऱ्याच वेळानं आतलं राखाडी दिसलं.

तर समितीला कळवते की तिसऱ्या खांबाची खिडकी मी उघडली आहे. चौकशी करू नका. मीच.

समिती म्हणते टाइल्स चढवा, म्हणजे वादच मिटेल. वाद मिटेल, खरं आहे. खाली दिगंबर पेंटर नावाचा माणूस होता, हेही मिटेल. टाइल्सना खिडकी नसते. अध्यक्षांना मी खोटारडे म्हणणार नाही, मामीला शब्द दिला आहे. त्यांना एवढंच विचारते, त्या दिवशी जे नाव ओठांवर आलं होतं, ते अजून तिथं आहे का? अध्यक्षसाहेब, शनिवारी माईक तुमच्याच हातात असेल.

मामा, तुमचा शर्ट मामी शनिवारी मंडपात आणणार आहे. तिनंच ठरवलं, मी सुचवलं नाही. तिसऱ्या खांबापाशी घडी ठेवणार म्हणते.

आणि हे वाचणारे तुम्ही, ज्यांनी मागच्या वेळी मथळा वाचून किल्ल्या काढल्या, आणि ज्यांनी नाही काढल्या तेही. शनिवारी दुपारी तीन वाजता मारुतीच्या मंडपात या. किल्ली खिशात ठेवा. तिसऱ्या खांबाच्या मागे जाऊन वाका, खिडकीतलं सिमेंट बघा. मग उठा आणि तळहात खांबावर ठेवा. कोमट लागेल. टाइल्स नकोत, सहाही खिडक्या उघड्या राहाव्यात आणि तिसऱ्या खांबावर दिगंबर पेंटर हे नाव ब्रशनं, हातानं लिहिलं जावं, असा ठराव मी मांडणार आहे. मतदानाची वेळ आली की तोच हात वर करा.